ट्रक ड्रायव्हरकी : अनुभव कसा जमवायचा, पगार कसा ठरवायचा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळंबोली, भिवंडी, चाकण, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या बाहेर चहाच्या टपरीवर उभं राहिलात तर हेच प्रश्न ऐकू येतात. नवीन पोरं विचारतात गाडी कोण देणार, जुने विचारतात पगार वाढत का नाही. दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे असं माझं मत आहे, आपल्या धंद्यात ना अनुभव कागदावर असतो ना पगार. जे कागदावर नाही ते शेठच्या तोंडावर चालतं, आणि तोंडाचं काय, आज एक उद्या दुसरं. खाली जमेल तसं सगळं लिहिलंय, तुमच्या कामाचा प्रश्न तेवढा वाचला तरी चालेल.

मला फक्त कारचं लायसन्स आहे. ट्रक चालवता येईल का?

मोठा ट्रक नाही, पण छोट्या मालवाहू गाड्या येतात. 6 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिला की एलएमव्ही (म्हणजे हलक्या गाडीच्या, कारच्या) लायसन्सवर ग्रॉस वजन 7500 किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप आणि काही छोटे आयशर, 407 यात बसतात. पण गाडीच्या आरसीवर जे ग्रॉस वजन लिहिलंय ते स्वतः वाचा, मालकाच्या शब्दावर जाऊ नका. ग्रॉस म्हणजे गाडी अधिक माल, नुसती रिकामी गाडी नाही. बरेच जण इथेच गडबड करतात आणि अपघात झाला की इन्शुरन्सवाले सगळ्यात आधी लायसन्सच बघतात.

मग हेवी लायसन्स कसं काढायचं?

वय 20 पूर्ण पाहिजे. एलएमव्ही लायसन्स काढून किमान एक वर्ष झालेलं पाहिजे, त्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही. सरकारच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, डॉक्टरकडून फॉर्म 1ए भरून घ्यायचा, लर्निंग निघालं की 30 दिवसांनंतर टेस्ट देता येते, आणि मोटार ट्रेनिंग स्कूलचं सर्टिफिकेट लागतं (फॉर्म 5). आठवी पास असण्याची अट 2019 मध्ये काढून टाकली, त्यामुळे शाळा अर्धवट सुटली असेल तरी अडत नाही. एजंट अजूनही "आठवीचा दाखला नाही म्हणून जास्त लागतील" असं सांगून पैसे मागतात, देऊ नका.

लायसन्सची मुदत आता 5 वर्षं, टँकरसारख्या धोकादायक मालाची नोंद असेल तर 3 वर्षं. मुदत संपायच्या आधी रिन्यू करा. संपलेल्या लायसन्सवर कुठलीही बरी कंपनी गाडीला हात लावू देत नाही.

ट्रेनिंग स्कूलबद्दल एक सांगतो. नुसतं सर्टिफिकेट विकणाऱ्या स्कूल गल्लोगल्ली आहेत, पैसे भरले की कागद हातात. ते लायसन्सला चालेल पण घाटात चालणार नाही. सरकारने मान्यता दिलेल्या ट्रेनिंग सेंटरचा हेवीचा कोर्स सहा आठवड्यांत 38 तासांचा असतो, वर्गातलं आणि गाडीवरचं दोन्ही धरून, आणि भोसरीला सीआयआरटी (रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था) आहे तिथेही ड्रायव्हर ट्रेनिंग चालतं. चार पैसे जास्त गेले तरी जिथे प्रत्यक्ष स्टिअरिंग हातात देतात तिथेच जा.

अनुभव नाही म्हणून कोणी गाडी देत नाही, गाडी दिली नाही तर अनुभव येणार कुठून?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. मालकाच्या बाजूनेही बघा, तीस-चाळीस लाखांची गाडी, वर पार्टीचा (माल देणाऱ्या गिऱ्हाइकाचा) माल, तो अनोळखी पोराच्या हातात का देईल. त्यामुळे एकदम दहा चाकीवर उडी मारायचा हट्ट सोडा.

पूर्वी रस्ता सरळ होता. क्लीनर म्हणून गाडीवर चढायचं, उस्तादाचा चहा आणायचा, काच पुसायची, ताडपत्री-रस्सी बांधायची, रिव्हर्सला मागे उभं राहून "येऊ द्या येऊ द्या" करायचं, आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्तादाची मर्जी झाली की स्टिअरिंग मिळायचं. आता बहुतेक मालकांनी खर्च वाचवायला क्लीनरच काढून टाकलाय, एकटा ड्रायव्हर सगळं बघतो. त्यामुळे शिकायची ती शाळाच बंद पडल्यासारखी झालीय आणि मग हेच मालक म्हणतात चांगले ड्रायव्हर मिळत नाहीत. असो.

आजच्या घडीला जमणारा रस्ता असा. एलएमव्हीवर पिकअप किंवा छोटा हत्ती घेऊन लोकल डिलिव्हरी करा, म्हणजे मार्केट यार्ड, कुरिअरचे हब, दूध, भाजी काहीही. इथे गाडी मोठी नसते पण लोडिंग, पावत्या, पार्टीशी बोलणं, अरुंद गल्लीत रिव्हर्स, हे सगळं इथेच येतं. मधल्या काळात हेवी काढून घ्या. मग 14 फुटी, 17 फुटी, 19 फुटी आयशर. त्यानंतर दहा चाकी, तीही आधी ठराविक रूटवर, रोज तीच कंपनी तेच गोडाऊन. डबल ड्रायव्हरच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर म्हणून जायला मिळालं तर सोडू नका, पगार थोडा कमी असेल पण शेजारी पंधरा-वीस वर्षं रोडवर काढलेला माणूस बसलेला असतो आणि तो फुकटात शिकवतो. ट्रेलर, कंटेनर, टँकर हे शेवटी. ट्रेलरचा रिव्हर्स हा वेगळाच विषय आहे, स्टिअरिंग इकडे फिरवलं की मागचं तिकडे जातं, रिकाम्या यार्डात तासन्‌तास केल्याशिवाय तो येत नाही.

आणि हंगाम बघा. नाशिकच्या बाजूला, लासलगाव पिंपळगावला, कांदा-द्राक्षाचा सीझन चालू झाला की गाड्या कमी पडतात. ऊस चालू झाला की पश्चिम महाराष्ट्रात तेच. अशा वेळी मालक अनुभवाचा आग्रह थोडा ढिला करतो, नवीन माणसाला आत शिरायची संधी तीच.

अनुभव सिद्ध कसा करायचा? मालक तर लेटर देत नाही.

तुम्ही पाच वर्षं गाडी चालवलीत हे तुम्हाला माहितीय, तुमच्या शेठला माहितीय, पण नवीन कंपनीच्या एचआरला कागद पाहिजे.

पहिलं म्हणजे लायसन्स. त्यावर हेवीची नोंद कधी झाली ती तारीख असते, त्यामुळे हेवी जितकं लवकर काढाल तितका तुमचा अनुभव "जुना" दिसतो, गाडी उशिरा मिळाली तरी. दुसरं, बिल्टी म्हणजेच एलआर, मालाबरोबरची ट्रान्सपोर्टची पावती. एलआरवर गाडी नंबर आणि ड्रायव्हरचं नाव असतं, प्रत्येक ट्रिपच्या एलआरचा फोटो काढून फोनमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवा, वर्षभरात शेकडो पुरावे जमतात आणि खर्च शून्य. तिसरं, पगार बँकेत किंवा यूपीआयवर घ्या, रोख नको. रोख घेतलेल्या पगाराची आठवण फक्त देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला असते, आणि भांडण झालं की देणारा जास्त दिल्याचं सांगतो. चौथं, एक डायरी. तारीख, कुठून कुठे, माल काय, किती किलोमीटर, डिझेल किती टाकलं, कुठे किती तास थांबलो. ही डायरी पगार ठरवतानाही कामाला येते, खाली हिशोबात दिसेलच.

नवीन कामगार कायद्यात नेमणूक पत्र देणं बंधनकारक केलंय. मागून बघा. दिलं नाही तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर शेठला मेसेज टाका, "शेठ, ठरल्याप्रमाणे 1 तारखेपासून अमुक गाडीवर, पगार इतका, भत्ता इतका". तो "ओके" म्हणाला तरी पुष्कळ झालं.

पगाराच्या पद्धती किती आहेत, त्यातली चांगली कुठली?

मुख्य तीन. फिक्स पगार अधिक रोजचा भत्ता. ट्रिपवर किंवा किलोमीटरवर. आणि तिसरी, जी आपल्याकडे खूप चालते, मालक एकरकमी खर्च देतो, त्यात डिझेल, जेवण, रस्त्यावरचं सगळं भागवायचं आणि उरेल ते ड्रायव्हरचं.

चांगली कुठली हे कामावर आहे, पण तुलना करताना सगळे एकच चूक करतात, ट्रिपचा आकडा बघतात. ट्रिप नाही, दिवस मोजा. उदाहरण घ्या.

भिवंडी ते बंगळुरू, साधारण 1000 किलोमीटर. गाडी लोडमध्ये लिटरला 4 किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज देते असं धरा, म्हणजे 250 लिटर. डिझेल 90 रुपये धरलं तर 22,500. टोल फास्टॅगवर मालकाचा. मालकाने 28,000 हातात दिले. उरले 5,500. बघायला मस्त वाटतं. आता वरचा किरकोळ खर्च, पार्किंग, हवा, पंक्चर, कुणाला चहापाणी, 600 धरा, जेवण दिवसाला 400. तिसऱ्या दिवशी गाडी खाली झाली तर जेवण 1,200, हातात राहिले 3,700, दिवसाला बाराशेच्या वर. पण गोडाऊनवाल्याने "जागा नाही, थांबा" म्हणून अजून तीन दिवस लटकवलं तर? जेवण 2,400 झालं, हातात राहिले 2,500, भागिले सहा दिवस. दिवसाला 417 रुपये. तीच ट्रिप, तोच आकडा.

आणि अ‍ॅव्हरेज 4 च्या ऐवजी 3.5 आलं तर? 36 लिटर जास्त, म्हणजे 3,200 च्या वर. मग सहा दिवसांच्या ट्रिपला खिशातून सातशे घालावे लागतात, काम करून वर पैसे देऊन यायचं.

म्हणून एकरकमी खर्चावर काम घ्यायचं असेल तर दोन गोष्टी आधी बोला. गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज किती (आधीच्या ड्रायव्हरला विचारा, शेठ नेहमी जास्त सांगतो) आणि थांबलेल्या दिवसाचे पैसे वेगळे किती. ज्या रूटला अनलोडिंगची खात्री नाही तिथे फिक्स पगार अधिक भत्ताच बरा, मग गाडी उभी असली तरी मीटर चालू.

हॉल्टिंगचे पैसे ड्रायव्हरला मिळतात का?

बहुतेक ठिकाणी पार्टीबरोबर ठरलेलं असतं की 24 किंवा 48 तासांच्या वर गाडी अडकली तर दिवसाचे अमुक. ते पैसे मालकाच्या किंवा ट्रान्सपोर्टरच्या खात्यात जातात, ऊन खातो ड्रायव्हर. त्यात हिस्सा मागणं यात लाजण्यासारखं काही नाही. गेटवर पोचल्याची वेळ एलआरवर लिहून सही-शिक्का घ्या, सिक्युरिटीवाला देत नसेल तर गेटचा फोटो लोकेशनसकट ग्रुपवर टाका. वेळेचा पुरावा तुम्ही आणला तरच मालक पार्टीकडून वसूल करू शकतो, हे त्याला पटवून दिलं की हिस्सा द्यायला तो तयार होतो असा अनुभव आहे.

जेएनपीटी बंदराच्या कंटेनर लाईनला हा विषय सगळ्यात मोठा. फॉर्म 13 (कंटेनर बंदरात न्यायचा गेट-पास) आला नाही, गेटला रांग, सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाला) रांग, रिकामा डबा टाकायला यार्डात रांग. तिथे किलोमीटरवर पगार घेणारा माणूस हमखास बुडतो. उरणच्या बाजूला लोकल कंटेनर चालवायचा असेल तर फेरीवर घेऊ नका, महिन्यावर घ्या.

वाराई (माल चढवताना-उतरवताना मागतात ते वरचे पैसे) आणि हमाली ड्रायव्हरने का द्यायची?

द्यायची नाही. "ज्याचा माल त्याचा हमाल" ही वाहतूकदारांची जुनी मागणी आहे आणि ती बरोबरच आहे. पण प्रत्यक्षात गाडी लागायची असेल तर वाराई मागतात आणि नाही दिली तर गाडी शेवटी लागते. त्यामुळे निघण्यापूर्वीच मालकाशी ठरवा की वाराई कोणाच्या खात्यावर. पावती मिळाली तर पावती, नाही मिळाली तर देण्याआधी मालकाला फोन आणि मेसेज. नंतर हिशोबाला "कोणाला विचारून दिले?" हा प्रश्न येतोच येतो.

भत्ता म्हणजे पगारच ना?

नाही. भत्ता म्हणजे तुमचं रस्त्यावरचं जेवण, अंघोळ, चहा. समजा 18,000 पगार आणि 400 भत्ता, 26 दिवस लाईनवर राहिलात तर 10,400 भत्ता, एकूण 28,400. मालक सांगताना "अठ्ठावीस हजाराची नोकरी" म्हणून सांगतो. पण घरी आलात, आजारी पडलात, गाडी गॅरेजला लागली की भत्ता बंद. त्यामुळे दोन नोकऱ्या तोलताना पगाराचा आकडा आधी बघा, भत्ता नंतर. आणि गाडी गॅरेजला असताना पगार चालू राहणार का हे विचाराच, इंजिनकाम निघालं तर पंधरा पंधरा दिवस जातात.

उचल घ्यावी का?

अडचणीला सगळेच घेतात, लग्न असतं, दवाखाना असतो. पण मोठी उचल घेतली की पगार वाढवून मागायची ताकद संपते आणि गाडी सोडताही येत नाही, हे मालकालाही चांगलं माहीत असतं म्हणून काही जण आग्रहाने उचल देतात. घेतलीच तर किती आणि दर महिन्याला किती कापायची ते लिहून घ्या, आणि डायरीत शिल्लक मांडत जा.

मालकाने ओरिजिनल लायसन्स ठेवून घेतलंय.

देऊच नका, पहिल्या दिवसापासून. झेरॉक्स द्या. लायसन्स तुमचं आहे, मालकाने तारण ठेवायची वस्तू नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधलं लायसन्स पोलीस आणि आरटीओ दोघांनाही चालतं, त्यामुळे फोनमध्ये कायम ठेवा.

माल कमी भरला किंवा डॅमेज झाला की पगारातून कापतात, हे बरोबर आहे का?

सरसकट नाही. नुकसान तुमच्याच हलगर्जीपणामुळे झालं असेल तरच कापता येतं आणि कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त जाऊ शकत नाहीत. पण कायदा नंतरची गोष्ट, आधी स्वतःला सांभाळा. भरताना मोजा. सिमेंट, खत, साखर असेल तर पोती मोजूनच एलआरवर सही करा. कंपनी मोजू देत नसेल तर "माल मोजून दिला नाही" असं एलआरवर लिहा. सीलबंद कंटेनर असेल तर सील नंबरचा फोटो, काट्याच्या पावतीचा फोटो. खाली करताना सील तोडायच्या आधी परत एक फोटो. या फोटोंनी किती लोकांचा पगार वाचवलाय ते सांगायला नको.

पोहोच, म्हणजे सही-शिक्क्याची पावती, ती हरवू नका. पोहोच गेली की मालकाचं भाडं अडकतं आणि त्याच्या मागे तुमचा पगार.

शेठ म्हणतो ओव्हरलोड घेऊन जा, जास्त पैसे देतो.

तीन एक्सलच्या दहा चाकीचं ग्रॉस 28.5 टन, हे 2018 मध्ये वाढवून दिलंय, आधी 25 होतं. त्याच्या वर गेलात तर दंड 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. वर जादा माल उतरवून घेतात आणि तोवर गाडी तिथेच. मालक तुम्हाला देणार पाचशे-हजार. ब्रेक तेवढेच, टायर तेवढेच, उतार तोच. मी तर सरळ म्हणेन की ओव्हरलोडशिवाय ज्याचा धंदा चालत नाही त्याच्याकडे काम करू नका, तो डिझेलमध्येही कंजूषी करतो, टायरमध्येही आणि पगारातही.

घाटात काय काळजी घ्यायची? नवीन आहे, भीती वाटते.

वाटलीच पाहिजे. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या उस्तादांचा नियम अजून तितकाच खरा आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणं हा शुद्ध आत्मघात. न्यूट्रलमध्ये इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात, मग पाय दाबला तरी काही होत नाही. इंजिन बंद केलं तर एअर टँकमधली हवा भरायची थांबते, दोन-चारदा ब्रेक मारले की प्रेशर खाली. पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार बघा, इतके अपघात झाले तिथे, आणि त्यातले काही याच कारणाने. कसारा, खंडाळा, सेंधव्याकडचा बिजासन, सगळीकडे हेच. उतार सुरू व्हायच्या आधी थांबा, प्रेशर गेज बघा, टायर हातोडीने ठोकून बघा, एक्झॉस्ट ब्रेक चालतो का बघा. मागचा हॉर्न मारतोय, मारू दे.

याचा पगाराशी काय संबंध म्हणाल तर आहे. अपघात नसलेला ड्रायव्हर आणि टायर-क्लच जास्त चालवणारा ड्रायव्हर मालक सोडत नाही. दोन वर्षांनी पगार वाढवून मागाल तेव्हा हेच बोलायचं, गाडीला एक ओरखडा नाही, अ‍ॅव्हरेज इतकं, ही डायरी. शेठ लोकांना आकडे कळतात.

किती तास चालवायचं? मालक म्हणतो रात्रीतून पोच.

1961 च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर असं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यात गेला, पण 8 तास आणि दुप्पट ओव्हरटाईम हे तत्त्व तेच आहे. आता खरं सांगायचं तर लाईनवर हे पाळणारा मालक शोधावा लागतो. जुना कायदा पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला लागूच नव्हता, आणि आपल्याकडे दोन-चार गाड्यांचेच मालक जास्त.

तरी काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. पहाटे दोन ते पाच डोळा लागतोच, गोळ्या-गुटखा-चहा यांनी नाही थांबत, झोपेनेच थांबतो. समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर तर जास्त, 701 किलोमीटर, मोठ्या गाडीला 80 ची मर्यादा, ना वळण ना गाव, डोकं सुन्न होतं. उन्हाळ्यात वरून टायर तापतात. दीड-दोन तासाला उतरून टायर बघायच्या निमित्ताने पाय मोकळे करा. भाडं घेतानाच वेळ मागून घ्या. ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाईन कागदाची) मुदतसुद्धा 200 किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणजे सरकारने धरलेला हिशोब रात्रीतून पोचायचा नाहीच.

दारूबद्दल लांबण लावत नाही. पहिल्या वेळी 10,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स गेलं की रोजीच गेली.

अपघात झाला तर पळून जावं का? सगळे म्हणतात लोक मारतील.

जमावाची भीती खरी आहे आणि कायद्यालाही ती माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 म्हणतं की जखमीला दवाखान्यात न्यायची व्यवस्था करा, पण जमाव खवळलेला असेल आणि ते शक्यच नसेल तर तिथून बाजूला जाता येतं, मात्र 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. म्हणून जीव वाचवायला निघालात तर सरळ जवळच्या पोलीस चौकीला जा, 112 ला फोन करा, मालकाला कळवा. फोन बंद करून गावी गेलात तर ते पळणं झालं. जानेवारी 2024 मध्ये ज्या 10 वर्षं शिक्षेच्या कलमावरून ड्रायव्हर लोकांनी चक्का जाम केला होता ते भारतीय न्याय संहितेचं 106(2), ते कळवल्याशिवाय पळणाऱ्यांसाठीच आहे, आणि जुलै 2024 ला बाकी संहिता लागू केली तेव्हा सरकारने ते बाजूला ठेवलं.

मलाच लागलं तर? घरच्यांना काय मिळेल?

कामावर असताना जखमी झालात किंवा मृत्यू झाला तर भरपाई देणं मालकाची जबाबदारी आहे, आणि गाडीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत पगारी ड्रायव्हरची ही भरपाई कव्हर असते, गाडीवरच्या क्लीनरचीही. इथे परत तोच मुद्दा, तुम्ही त्या गाडीवर पगारी होता हे सिद्ध व्हावं लागतं. बँकेत आलेला पगार, एलआर, मेसेज, सगळं इथे उपयोगी. घरी बायकोला किंवा भावाला गाडी नंबर, मालकाचं नाव-पत्ता आणि पॉलिसीचा फोटो पाठवून ठेवा.

स्वतःचं म्हणून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढाच, वर्षाला 20 रुपये बँकेतून कापतात, अपघाती मृत्यूला 2 लाख. जीवन ज्योतीचे 436 रुपये, त्यातही 2 लाख. पीएफ कापत नसेल तर ई-श्रमवर (असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद करा, फुकट आहे.

पगार थकवला तर कुठे जायचं?

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत मिळाला पाहिजे, आणि काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब. नाही मिळाला तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो, नवीन वेतन संहितेत दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे. वकील लागतोच असं नाही. अर्जाला डायरी, एलआरचे फोटो, यूपीआयचं स्टेटमेंट जोडा. आधी एक लेखी मेसेज टाका, बऱ्याचदा "कामगार ऑफिसला चाललोय" एवढं वाचूनच पैसे येतात. एक मात्र करू नका, पगारासाठी गाडी किंवा माल अडवून ठेवू नका. हक्काचा पगार राहतो बाजूला आणि चोरीचा गुन्हा अंगावर येतो.

डिझेल वाचवून विकलं तर? सगळेच करतात.

पगार कमी देतात म्हणून डिझेल काढतात आणि डिझेल काढतात म्हणून पगार कमी ठेवतात, या गोल गोल खेळात शेवटी ड्रायव्हरच बदनाम. आता टाकीत सेन्सर आहेत, जीपीएस आहे, पाच लिटर गेले तरी मालकाच्या फोनला कळतं. त्यापेक्षा सरळ बोला की ठरलेल्या अ‍ॅव्हरेजच्या वर जे वाचेल त्यात निम्मं माझं.

जास्त पगार कुठल्या लाईनला आहे?

गॅस, पेट्रोल, केमिकलच्या टँकरला, कारण प्रत्येकाकडे ती नोंद नसते. तीन दिवसांचं ट्रेनिंग करून लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद घ्यायची, रिन्यूअलला एक दिवसाचा रिफ्रेशर. खर्चाच्या मानाने फायदा भरपूर. ओव्हर डायमेन्शन म्हणजे मापाबाहेरचा मोठा माल, मोठे हायड्रॉलिक ट्रेलर, पवनचक्कीची पाती नेणाऱ्या गाड्या, तिथेही हात बसलेल्या माणसाला भाव आहे. रीफर म्हणजे थंड कंटेनरला वेळेची घाई असते पण गाड्या बऱ्या असतात. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झालीय, तेव्हा नवीन गाड्या घेणारा मालक शोधणं हासुद्धा एक प्रकारे पगारच.

बायकांना हे काम जमतं का?

योगिता रघुवंशी, नंदुरबारला वाढलेल्या, कायद्याची पदवी असताना ट्रकच्या स्टिअरिंगवर बसल्या आणि देशभर गाडी फिरवली. जमतं. अडचण गाडीची नाही, रस्त्यावर संडास-बाथरूमची आणि सुरक्षित पार्किंगची आहे, त्यामुळे सुरुवात करताना कंपनीच्या आतल्या किंवा दिवसाच्या रूटला प्राधान्य द्या.

स्वतःची गाडी घ्यावी का?

चार-पाच वर्षं लाईन ओळखीची झाल्यावर, आणि परतीचं भाडं कोण देणार हे आधी माहीत असेल तरच. जाताना भाडं सगळ्यांना मिळतं, येताना रिकामी आली की हप्ता तिथेच अडतो. हप्ता, इन्शुरन्स, परमिट, फिटनेस, टायर आणि स्वतःचा ड्रायव्हर म्हणून पगार, हे सगळं मांडून बघा. स्वतःचा पगार न धरता "गाडी फायद्यात आहे" म्हणणारे खूप भेटतात. पहिली गाडी जुनी घेताना ओळखीचा फिटर बरोबर न्या आणि हायपोथिकेशन (गाडीवरच्या कर्जाची नोंद), थकलेली चलनं, टॅक्स सरकारच्या 'वाहन' साईटवर तपासा.

गल्फला जावं का?

सौदी, दुबई, कतारला ट्रेलर ड्रायव्हर लागतात, पैसे बरे आहेत, पण तिथलं हेवी लायसन्स परत काढावं लागतं आणि तोवर पगार किती हे कुणी सांगत नाही, ते विचारा. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा, नोंदलेल्या एजंटला 30,000 रुपये अधिक जीएसटी याच्या वर फी घेता येत नाही. टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलू, असं म्हणणाऱ्याला पासपोर्ट देऊ नका. करारात पगार, ओव्हरटाईम, राहायची सोय आणि परतीचं तिकीट लिहिलंय का बघा, आणि त्याची एक कॉपी घरी ठेवून जा.